‘खातो, पण कामं करतो’: भ्रष्ट सत्ता आणि मतदाराच्या हातात नेमकं काय असतं

१७ फेब्रुवारी १९९२. इटलीतल्या मिलान शहरातल्या एका जुन्या, मोठ्या वृद्धाश्रमाचे प्रमुख मारिओ किएझा आपल्या कार्यालयात बसले होते. सफाईचं कंत्राट घेणारा एक छोटा व्यावसायिक आत आला आणि त्याने ७० लाख लिरा त्यांच्या हवाली केले. हा निम्मा हप्ता होता. कंत्राट १४ कोटी लिरांचं, त्यावर दहा टक्के म्हणजे १ कोटी ४० लाख. दर ठरलेलाच असायचा. पण या वेळी कंत्राटदार आधी तपास यंत्रणेकडे जाऊन आला होता. नोटांवर खुणा होत्या, बोलणं टिपलं जात होतं आणि थोड्याच वेळात पोलीस दारात उभे राहिले.

किएझा समाजवादी पक्षाचे. पक्षाचे नेते आणि माजी पंतप्रधान बेत्तिनो क्राक्सी यांनी ताबडतोब हात झटकले. पक्ष स्वच्छ आहे, हा एकच बदमाश निघाला, असा त्यांचा सूर होता. तुरुंगात बसलेल्या किएझांच्या कानावर ते गेलं आणि काही दिवसांनी ते बोलू लागले. कुठल्या कंत्राटात किती टक्के, त्यातले पक्षाला किती, मधल्या माणसाला किती, सगळं बाहेर येत गेलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत, महायुद्धानंतर सतत सत्तेत राहिलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष विसर्जित झाला, समाजवादी पक्षही संपला. क्राक्सी ट्युनिशियाला निघून गेले आणि २००० साली तिथेच वारले.

ही हकीकत बहुतेक वेळा तपास अधिकाऱ्यांच्या धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला त्यातले ते दहा टक्के महत्त्वाचे वाटतात. ते कुणाच्या खिशातून जात होते? कंत्राटदाराच्या नाही. तो धंदा करायला बसला आहे, पदरमोड करायला नाही. तो एक तर बिल तेवढ्याने फुगवतो, नाही तर काम तेवढ्याने कमी करतो. बिल फुगलं तर करदाता भरतो. काम कमी झालं तर वृद्धाश्रमातल्या म्हातारीच्या खोलीची फरशी रोज पुसायची ती दोन दिवसांआड पुसली जाते. तिला कळतही नाही की आपल्या खोलीतली घाण वरच्या मजल्यावरच्या टेबलाखालून आलेली आहे.

भ्रष्टाचार समजायला अवघड जातो तो यामुळेच. पाकीटमाराने खिसा कापला तर लगेच कळतं. इथे लाख लोकांचे खिसे थोडे थोडे कापले जातात आणि कापणारे मूठभर असतात. त्या मूठभरांना प्रत्येकी इतकं मिळतं की त्यासाठी ते दिवसरात्र खपतात. ज्यांचं गेलं त्यांचं प्रत्येकी इतकं थोडं गेलेलं असतं की त्यासाठी कुणी दिवसभराचं काम सोडून भांडायला जात नाही.

ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल या संस्थेने केलेली भ्रष्टाचाराची व्याख्या जगभर वापरली जाते: सोपवलेल्या सत्तेचा खाजगी फायद्यासाठी केलेला गैरवापर. यातला ‘सोपवलेल्या’ हा शब्द सोडू नका. सत्ता नेत्याच्या मालकीची नसते, ती आपण त्याच्याकडे काही काळ ठेवायला दिलेली असते. म्हणूनच शिपायाने कागद पुढे सरकवायला मागितलेली चिरीमिरी आणि मंत्र्याने खाणीचा परवाना देताना घेतलेला वाटा एकाच जातीचे गुन्हे ठरतात. वजनात मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि या दोन्हींच्या वरची एक पायरी असते. तिथे लाच द्यावीच लागत नाही, कारण कायदाच आपल्या सोयीचा लिहून घेतलेला असतो. सगळं नियमात बसतं आणि तरी कुंपण शेत खात असतं. हा प्रकार पकडायला सर्वांत अवघड.

रॉबर्ट क्लिटगार्ड या अभ्यासकाने भ्रष्टाचाराचं एक साधं समीकरण मांडलं होतं: मक्तेदारी अधिक मनमानीचा अधिकार, वजा उत्तरदायित्व. एखादी गोष्ट फक्त एकाच माणसाकडे मिळत असेल, ती कुणाला द्यायची हे त्याच्या मर्जीवर असेल आणि ‘का दिली’ असं विचारणारं कुणी नसेल, तर त्या खुर्चीत बसलेल्या सज्जनाचीही रोज परीक्षा असते. या समीकरणात माणसाचा स्वभाव कुठेच येत नाही. स्वभावाने फरक पडतो हे मला मान्य आहे. पण निवडणुकीच्या वेळी आपण शंभर टक्के स्वभावच तपासत बसतो. तो साधा राहतो का, पायी फिरतो का, घर केवढं आहे. खुर्चीची रचना कशी आहे हे कुणी विचारत नाही.

ती रचना कशी चालते हे पाहायचं असेल तर टेंडर बघा. सरकारचा मोठा पैसा बाहेर पडतो तो खरेदी आणि बांधकामातून. कागदोपत्री टेंडर खुलं असतं, कुणीही भरावं. पण अटी लिहिणाऱ्याच्या हातात खेळ असतो. ‘याच प्रकारचं काम, इतक्याच मोठ्या आकाराचं, गेल्या अमुक वर्षांत केलेलं असावं’ अशी अट घातली की मैदानात एकच कंपनी उरते, कारण त्या कंपनीकडे पाहूनच अट लिहिलेली असते. कधी मुदत इतकी कमी ठेवतात की ज्याला आधीपासून माहीत होतं त्याचीच कागदपत्रं तयार असतात. स्पर्धा दिसावी म्हणून दोन-तीन डमी निविदा भरल्या जातात, मुद्दाम चढ्या दराच्या. कधी एका मोठ्या कामाचे तुकडे पाडतात, म्हणजे प्रत्येक तुकडा टेंडर न काढता देण्याच्या मर्यादेत बसतो. आणि सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे आधी कमी दरात काम घ्यायचं, मग ‘वाढीव काम’ निघालं म्हणून सुधारित अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं. तोवर बातमी जुनी झालेली असते. टेंडर उघडलं त्या दिवशीचा आकडा सगळे पाहतात, शेवटच्या बिलाचा आकडा कुणीच पाहत नाही.

युक्रेनने २०१६ पासून सरकारी खरेदी ‘प्रोझोरो’ नावाच्या खुल्या संगणकीय व्यवस्थेतून सक्तीची केली. लिलाव संपला की हरलेल्यांसकट सगळ्यांचे प्रस्ताव कुणालाही पाहता येतात. हरलेल्याचा कागद उघड होणं ही छोटी गोष्ट वाटेल, पण डमी निविदा ओळखायला तोच कागद लागतो. एकच टंकलेखनाची चूक तीन ‘प्रतिस्पर्ध्यां’च्या कागदात सापडली की बाकी सांगायला नको.

टेंडरच्या मागे निवडणुकीचा खर्च उभा असतो. प्रचाराला पैसा लागतो, तो कुणीतरी देतो, आणि देणारा ती रक्कम देणगी म्हणून विसरून जात नाही. निवडून आल्यावर त्याची परतफेड करायची असते. ती स्वतःच्या खिशातून कोण करील? ती आपल्या खिशातून होते, त्याच टक्केवारीच्या वाटेने. ज्या देशात पक्षांच्या देणग्या लपवता येतात तिथे मतदाराला उमेदवार दिसतो, पण त्याचा सावकार दिसत नाही.

मग लोकांना हे सगळं कळत असताना तीच माणसं पुन्हा निवडून कशी येतात? मतदारांना मूर्ख किंवा विकाऊ म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. मतदाराकडे कारणं असतात आणि ती समजून घेतल्याशिवाय त्याची ताकदही समजत नाही.

पहिलं कारण म्हणजे पक्की माहिती नसते. अफवा ढीगभर असतात, पण ‘सगळेच खातात’ या वाक्याने सगळे सारखे होतात आणि सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला लपायला जागा मिळते. पक्की माहिती मिळाली तर फरक पडतो का, याची एक उत्तम परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. २००३ पासून तिथलं केंद्र सरकार सार्वजनिक सोडत काढून नगरपालिका निवडत असे आणि त्यांच्या खर्चाचं लेखापरीक्षण करून अहवाल जाहीर करत असे. सोडत असल्यामुळे सूडाचा आरोप करायला जागा नव्हती. काही ठिकाणचे अहवाल २००४ च्या निवडणुकीआधी आले, काही ठिकाणचे नंतर. फेराझ आणि फिनान या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हींची तुलना केली. ज्या महापौरांच्या कारभारात भ्रष्टाचाराचे किमान दोन प्रकार आढळले, त्यांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता अहवाल आधी आल्यामुळे सुमारे ७ टक्के-बिंदूंनी घटली. जिथे स्थानिक रेडिओ केंद्र होतं तिथे ही घट ११ पर्यंत गेली. आणि रेडिओ असलेल्या गावात ज्याचा कारभार स्वच्छ निघाला, त्याला मतदारांनी बक्षीसही दिलं. अहवाल तेच, मतदार तसेच. फरक पाडला तो गावातल्या भाषेत तो अहवाल वाचून दाखवणाऱ्या आवाजाने.

दुसरं कारण त्याच देशातल्या एका जुन्या म्हणीत आहे. साओ पावलोचे नेते अधेमार दि बारोस यांच्याबद्दल लोक म्हणायचे, ‘चोरतो, पण करून दाखवतो.’ आपल्याकडेही ‘खातो, पण कामं करतो’ हे वाक्य कुणाला शिकवावं लागत नाही. हे वाक्य बोलणारा माणूस निर्लज्ज नसतो. त्याने हिशेब मांडलेला असतो: दुसराही खाणारच, मग निदान रस्ता करणारा बरा. या हिशेबात एकच चूक आहे. ते खाल्लं नसतं तर किती रस्ता झाला असता, हा आकडा त्याच्यासमोर कधीच येत नाही.

तिसरं कारण म्हणजे आपला माणूस. आपल्या जातीचा, धर्माचा, भाषेचा किंवा पक्षाचा नेता पकडला गेला की ते कारस्थान असतं, पलीकडचा पकडला गेला की तो न्याय असतो. हे सगळ्या खंडांत दिसतं. मत एकच असतं आणि त्यात दहा प्रश्न गुंडाळलेले असतात. त्यात सुरक्षितता येते, रोजगार येतो, ओळख येते, भीतीही येते. भ्रष्टाचार हा त्यातला एक.

आणि चौथं कारण मला सर्वांत काळजीचं वाटतं. मेक्सिकोत २००९ च्या स्थानिक निवडणुकांआधी संशोधकांनी काही भागांत पत्रकं वाटली. महापौराने निधीत किती गैरव्यवहार केला ते त्यांत छापलं होतं. गैरव्यवहार मोठा होता तिथे सत्ताधाऱ्यांची मतं घटली. पण मतदानही घटलं, आणि विरोधकांचीही मतं कमी झाली. लोक चिडून पर्यायाकडे वळले नाहीत, किळस येऊन घरी बसले. माहितीसोबत पर्याय आणि आशा नसेल तर ती माहिती मतदाराला रांगेतून बाहेर काढते. आणि रांग लहान झाली की पैसे वाटून गोळा केलेल्या मतांचं वजन आपोआप वाढतं.

पैसे वाटण्यावरचा जुना आणि अजूनही चालणारा उपाय म्हणजे गुप्त मतदान. ब्रिटनमध्ये १८७२ पर्यंत मतदाराला सगळ्यांसमोर तोंडाने मत सांगावं लागे, आणि कुणी कुणाला मत दिलं याच्या छापील वह्या निघत. जमीनदार आपल्या कुळाची ओळ त्यात शोधू शकत असे. ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी १८५६ साली गुप्त मतपत्रिका आणली, ब्रिटनने १८७२ साली ती घेतली आणि १८८३ च्या कायद्याने उमेदवारांच्या खर्चालाही मर्यादा घातल्या. पडद्याच्या आत गेलेल्या मतदाराने नोट घेतली होती की नाही हे मतपेटीला माहीत नसतं. ज्याने घेतली तोही आत मोकळा असतो. म्हणून मत विकत घेणारे लोक आजही सर्वांत जास्त मेहनत कशावर घेतात? आम्हाला सगळं कळतं, असं भासवण्यावर. मतपत्रिकेचा फोटो मागणं हा त्याचाच नवा अवतार. हा धाक खोटा आहे हे शेजाऱ्याला पटवून देणं हे कुठल्याही भाषणापेक्षा मोठं काम आहे.

इथवर आपण मतदानाच्या दिवसाबद्दल बोललो. पण तो चार-पाच वर्षांतून एकदा येतो आणि पैसा रोज खर्च होतो. मधल्या दिवसांत काय चालतं यावर बरंच संशोधन झालं आहे आणि त्याचे निष्कर्ष आपल्या भाबड्या कल्पनांना थोडे खोडून काढतात. इंडोनेशियात बेंजामिन ओल्केन यांनी ६०० हून अधिक गावांतल्या रस्त्यांचा अभ्यास केला. त्यांच्या अभियंत्यांनी तयार रस्त्यात भोकं पाडून आतले नमुने काढले, खडी-वाळू किती पडली ते मोजलं आणि बिलाशी ताडून पाहिलं. काही गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार. एरवी ते शंभरातल्या चार ठिकाणी व्हायचं. त्या गावांत गायब होणारा पैसा सुमारे ८ टक्के-बिंदूंनी कमी झाला. दुसऱ्या काही गावांत ग्रामस्थांना हिशेबाच्या सभांना आवर्जून बोलावलं गेलं. तिथे मजुरीची चोरी कमी झाली, पण साहित्यातली चोरी सुरूच राहिली, आणि एकूण फरक फारसा पडला नाही. कारण उघड आहे. मजुरी बुडाली की ज्याची बुडाली तो बोलतो. रस्त्यात खडीचा थर किती इंच पडला हे सभेतल्या कुणाला सांगता येणार?

म्हणजे नुसतं ‘लोकसहभाग’ म्हणून भागत नाही. लोकांची नजर आणि तज्ज्ञांचं मोजमाप दोन्ही लागतं, आणि मोजलेलं लोकांपर्यंत पोचावं लागतं. युगांडात नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात शाळांना प्रत्येक मुलामागे मिळणाऱ्या सरकारी अनुदानातला सरासरी फक्त १३ टक्के पैसा शाळेपर्यंत पोचत होता. हे उघड झाल्यावर सरकारने कुठल्या जिल्ह्याला किती रक्कम गेली ते वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली आणि शाळेच्या दारावर आलेल्या रकमेची नोटीस लावणं बंधनकारक केलं. २००१ पर्यंत ८० टक्क्यांहून जास्त पैसा पोचू लागला. त्यात इतर सुधारणांचाही वाटा होता. पण दारावरच्या त्या कागदाचं बळ मला मोठं वाटतं. ज्या मुख्याध्यापकाला आपल्या शाळेला किती मिळायला हवं हेच माहीत नाही, तो भांडणार कशावरून?

स्वीडनने सरकारी कागद पाहण्याचा हक्क १७६६ साली कायद्याने दिला, भारताचा माहिती अधिकार कायदा २००५ चा. असे कायदे मोडले जात नाहीत, सुकवले जातात. आयुक्तांची पदं रिकामी ठेवायची, अपिलं वर्षानुवर्षं लांबवायची, लेखापरीक्षकांचा निधी कापायचा. यातल्या कशाचीही मोठी बातमी होत नाही. मतदाराने लक्ष ठेवायचं ते अशा बारीक गोष्टींवर. भ्रष्टाचाराविरुद्ध गर्जना करणाऱ्या नेत्याची परीक्षाही इथेच होते: चौकशीचा हात त्याच्या स्वतःच्या पक्षापर्यंत पोचतो का, आणि पोचला तर तो हात तसाच ठेवतो का?

रुमानियात लोकांनी अशी बारीक गोष्ट पकडली. डिसेंबर २०१६ मध्ये तिथे निवडणूक होऊन नवं सरकार आलं. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री उशिरा त्या सरकारने एक अध्यादेश काढला. पदाच्या गैरवापराने झालेलं नुकसान २ लाख लेईंपेक्षा कमी असेल तर तो फौजदारी गुन्हा राहणार नाही. त्याच रात्री लोक कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर आले, पुढचे दिवस गर्दी वाढतच गेली, आणि ५ फेब्रुवारीला सरकारने अध्यादेश मागे घेतला. निवडणूक होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मत देऊन झालं, आता पुढची निवडणूक येईपर्यंत गप्प बसा, हे त्यांनी मानलं नाही. मे २०१९ मध्ये सार्वमत झालं तेव्हा भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांना माफी देण्यावर बंदी घालायला मतदान करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला.

ब्राझीलमध्ये लोक आणखी एक पाऊल पुढे गेले. तेरा लाखांहून अधिक सह्या गोळा करून त्यांनी संसदेला कायदा करायला लावला. वरच्या न्यायपीठाने गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवलेल्या माणसाला आठ वर्षं निवडणूक लढवता येणार नाही, असा हा २०१० चा कायदा ‘स्वच्छ नोंद’ या अर्थाच्या नावाने ओळखला जातो.

मतदाराची ताकद किती आणि ती कुठे अडते, हे एकाच देशात पाहायचं तर ग्वाटेमालाकडे वळावं लागतं. एप्रिल २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यावर चालणाऱ्या तपास आयोगाने आणि तिथल्या सरकारी वकिलांनी जकात खात्यातली टोळी उघडी पाडली. आयातदार लाच देऊन जकात चुकवत होते आणि धागे थेट वरपर्यंत जात होते. लोक दर शनिवारी राजधानीच्या चौकात जमू लागले. मे महिन्यात उपराष्ट्राध्यक्षा गेल्या. सप्टेंबरच्या सुरुवातीला, निवडणुकीच्या तोंडावर, राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना राजीनामा देऊन न्यायालयासमोर उभं राहावं लागलं.

मतदारांनी मग निवडलं कुणाला? जिम्मी मोरालेस हा दूरचित्रवाणीवरचा विनोदी कलाकार. राष्ट्रीय राजकारणात नवखा आणि घोषणा होती, भ्रष्टही नाही आणि चोरही नाही. दोन वर्षांत आयोगाने त्यांच्या प्रचाराच्या पैशाचा माग काढायला घेतला तेव्हा त्यांनी आयोगाच्या प्रमुखालाच देशाबाहेर काढण्याचा हुकूम दिला. २०१९ मध्ये आयोगाचं काम बंद पडलं. पुढच्या वर्षांत तपास करणारे अनेक वकील आणि न्यायाधीश देश सोडून गेले. कोरी पाटी असलेला माणूस लोकांनी निवडला होता. आयोग टिकवण्याची हमी कुणी त्याच्याकडून घेतली नव्हती.

२०१५ च्या त्या चौकातून ‘सेमिया’ म्हणजे ‘बी’ या नावाचा एक छोटा पक्ष उगवला. त्याचे उमेदवार बेर्नार्दो आरेवालो ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट बहुमताने राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. महाधिवक्त्यांच्या, म्हणजे देशातल्या मुख्य सरकारी वकिलांच्या, कार्यालयाने निकाल मोडून काढण्याचा प्रयत्न केला. पक्ष निलंबित करवला, मतपत्रिकांची खोकी जप्त केली. तेव्हा मूळनिवासी समाजांच्या पंचायतींनी रस्ते रोखले आणि त्या कार्यालयासमोर शंभराहून अधिक दिवस मुक्काम ठोकला. संसदेत शेवटच्या दिवशीही तासन्‌तास खोळंबा झाला आणि १५ जानेवारी २०२४ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आरेवालो यांचा शपथविधी पार पडला.

महाधिवक्त्या कोन्सुएलो पोर्रास त्यानंतरही आपल्या खुर्चीत होत्या. ते पद मतदानाने भरलं जात नाही, त्यांची मुदत मे २०२६ पर्यंत होती आणि राष्ट्राध्यक्षांना त्यांना आपल्या मर्जीने हटवण्याचा अधिकार नव्हता. तिथल्या नियमाप्रमाणे सर्वोच्च न्यायालयाचे प्रमुख, विधी महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि वकिलांच्या संघटनेचे प्रतिनिधी मिळून सहा नावांची यादी करतात आणि राष्ट्राध्यक्ष त्यातलं एक निवडतात. त्यामुळे त्या वकील संघटनेच्या निवडणुकीत कोण उभं आहे आणि त्यांच्या प्रचाराला पैसा कुठून येतो, या प्रश्नाकडेही तिथल्या लोकांना वळावं लागलं.